मिसेलेनियस आणि मिसळ: नातं की नुसता योगायोग?

हिशेबवाली

नमस्कार मंडळी. या विभागात मी एरवी नुसती वाचत असते. आज अडलंय म्हणून लिहिते आहे.

मी आमच्या सोसायटीची खजिनदार. यंदा वार्षिक अहवाल मराठीत काढायचा असं ठरलं. सफाई, वीज, लिफ्टची देखभाल, पाण्याचे टँकर, सगळं सुरळीत मराठीत आलं. गाडी अडली ती 'मिसेलेनियस एक्स्पेन्सेस' या ओळीवर. रक्कम ४१,३०० रुपये. मी 'किरकोळ खर्च' लिहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "एक्केचाळीस हजार किरकोळ? सभेत लोक फाडून खातील." त्यांनी सुचवलं 'संकीर्ण', सरकारी कागदांवर असतं तसं. तर वरच्या मजल्यावरचे कानपूरचे शेजारी म्हणाले, संकीर्ण म्हणजे कोत्या मनाचा. खर्च कोत्या मनाचा कसा असेल?

या सगळ्यात माझा भाचा मधेच बोलला, "मावशी, मिसेलेनियस म्हणजे मिसळ. ऐकायलाच सारखं आहे. 'मिसळ खर्च' लिही." सगळे हसले, पण माझ्या डोक्यातून ते जाईना.

तर जाणकारांनी सांगावं: या इंग्रजी शब्दात 'लहानसहान' असा अर्थ मुळात आहे का? तो लॅटिनमधून आला म्हणतात, तिथे त्याचा अर्थ काय होता? आणि मिसळीशी त्याचं खरंच काही नातं आहे का?

सिंधुतीर

सोपं आहे ताई. मिश्र, त्यावरून मिसळ, त्यावरून मिसेलेनियस. लॅटिन काय, ग्रीक काय, सगळ्या संस्कृतच्याच लेकी. यात विचारण्यासारखं काही नाही.

ठोकताळे_नकोत

विचारण्यासारखं भरपूर आहे. ऐकायला सारखं आणि अर्थानेही सारखं म्हणून नातं जोडायचं असेल, तर फारसीतला 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड' सख्खे भाऊ ठरतील. दोन्हींचा अर्थ वाईट, उच्चार जवळजवळ एकच, आणि तरी एकमेकांशी काडीचा संबंध नाही. शिखांच्या बारा मिसली, म्हणजे लढवय्यांचे संघ, होत्या, त्या काय तर्रीवाल्या होत्या का? ती 'मिसल' अरबी आहे, 'सारखा, बरोबरीचा' अशा अर्थाच्या शब्दावरून आलेली. 'मिसाल'ही त्याच घरातली.

मिसळ आणि मिसेलेनियसचं नातं नाहीच असं माझं म्हणणं नाही. पण 'ऐकायला सारखं' याला मी पुरावा धरत नाही. ध्वनी कुठून कसे बदलत आले ते कुणी दाखवलं तर बोलू.

गिरीजकर

हिशेबवाली ताई, आधी निकाल सांगतो. नातं आहे. पण ज्या सारखेपणावरून तुमच्या भाच्याला ते सुचलं, तो सारखेपणा जवळजवळ सगळाच योगायोग आहे. म्हणजे सिंधुतीर आणि ठोकताळे दोघांनाही अर्धे अर्धे मार्क. आता जरा पसारा मांडतो, सवड काढून वाचा.

मी वसईचा. तरुणपणी काही वर्षं सेमिनरीत काढली. फादर झालो नाही, पण लॅटिन अंगाला चिकटली ती चिकटलीच.

मूळ क्रियापद 'मिस्केरे', अर्थ मिसळणे. त्यावरून विशेषण 'मिस्केल्लुस', म्हणजे मिश्र प्रकारचा. हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो शेतात. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात रोमच्या थोरल्या कॅटोने शेतीवर पुस्तक लिहिलं. कुठल्या जमिनीत कुठली द्राक्षं लावावीत हे सांगून झाल्यावर तो म्हणतो, बाकीच्या वेली, त्यातही मिस्केल्ला वेली, कुठल्याही रानात येतात. चोखंदळ नसलेलं, कुठेही जगणारं वाण. मला हे फार आवडतं, कारण पुढे हाच शब्द विद्वानांनी स्वतःच्या पुस्तकांना लावला.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात औलुस गेल्लिउस नावाचा एक चौफेर वाचणारा गृहस्थ होऊन गेला. व्याकरण, कायदा, किस्से, तत्त्वज्ञान, जे दिसेल ते टिपून ठेवायचा. त्याचे वीस खंड झाले (आठवा हरवला, नुसती प्रकरणांची नावं उरली). प्रस्तावनेत तो म्हणतो की अशी नाना तऱ्हेची, 'मिस्केल्ला' विद्या गोळा करणारे लोक पुस्तकांना कसली नटवी नावं देतात: कुणी 'कुरण', कुणी 'मधाची पोळी'. मी आपलं साधं नाव ठेवलं, अथेन्सच्या परिसरात हिवाळ्यातल्या लांब रात्री बसून लिहिलं म्हणून 'अ‍ॅटिक रात्री'. साधं म्हणे! सगळ्या यादीत यांचंच नाव जास्त नटवं आहे.

याच शब्दाला आणखी शेपूट लागलं आणि 'मिस्केल्लानेउस' झाला. त्याचं नपुंसकलिंगी अनेकवचन 'मिस्केल्लानेआ', म्हणजे मिसळलेल्या गोष्टी. आणि आता भाच्याला बोलवा. रोमन उपहासकार जुवेनालच्या अकराव्या कवितेत हा शब्द येतो तो खाण्याच्या संदर्भात. जिभेचे चोचले पुरवताना दिवाळं निघालेल्या लोकांबद्दल तो लिहितो: चांदीची ताटं गहाण टाकतील, आईची प्रतिमा मोडून विकतील, मातीच्या थाळीतल्या जेवणावर चारशे नाणी उडवतील, आणि अशाने शेवटी येऊन पोचतील ग्लॅडिएटरांच्या तालमीतल्या 'मिस्केल्लानेआ'वर. म्हणजे पोटासाठी तलवारबाजी पत्करायची आणि तिथे पुढ्यात येईल ते गिळायचं. त्या पदार्थाची पाककृती जुवेनाल देत नाही. पण ग्लॅडिएटर काय खात ते बरंच माहीत आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की लोक त्यांना 'जवखाऊ' म्हणत. आजच्या तुर्कस्तानातल्या इफेससला १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तिथल्या हाडांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही मुख्य आहार धान्य आणि कडधान्य असाच निघाला. पाव नव्हता, फरसाण नव्हतं, पण कडधान्य होतं!

मग मधली शतकं सोडून थेट फ्लॉरेन्सला. १४८९ मध्ये पोलित्सियानो या विद्वानाने जुन्या ग्रंथांवरच्या आपल्या शंभर टिपणांचं पुस्तक छापलं, नाव 'मिस्केल्लानेआ'. विषयांचा क्रम मुद्दाम लावलेला नाही. असल्या पुस्तकांची पुढे युरोपभर लाट आली आणि इंग्रजांनी सतराव्या शतकात हे विशेषण उचललं. त्यामुळे ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. या शब्दाला रकमेचा आकार कळतच नाही. एका छपराखाली बऱ्याच जातींच्या गोष्टी आहेत, एवढंच तो सांगतो. लहानसहानपणा आपण मराठीत 'किरकोळ'मधून त्याच्यावर लादलाय. तुमचे सेक्रेटरी बरोबर अडले.

आता ठोकताळेंसाठी ध्वनींचं.

मूळ भारत-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, लॅटिन वगैरे भाषांच्या सामाईक पूर्वजेत, 'मिसळणे' या अर्थाचा जो धातू होता, त्याच्या शेवटी एक मऊसर 'क' होता. हा 'क' संस्कृतकडे येताना 'श' झाला आणि लॅटिनकडे जाताना कडक 'क' राहिला. म्हणून आपल्याकडे शत, तिकडे केंतुम. आपल्याकडे दश, तिकडे देकेम. आपल्याकडे अष्ट (मुळात तोच 'श', 'ट'च्या शेजाराने 'ष' झालेला), तिकडे ओक्तो. या नियमाने आपल्याला मिळाला मिश्र, आणि लॅटिनमध्ये त्या जागी 'क' दिसायला हवा. दिसतो का? 'मिक्स्तुस' या रूपात दिसतो. इंग्रजी 'मिक्स' तिथूनच. नात्याचा खरा पुरावा हा: आपला 'श' आणि त्यांचा 'क' समोरासमोर.

मग 'मिस्केरे'मधला 'स' कुठला? तो धातूतला नाहीच. लॅटिनमध्ये क्रियापदाला 'स्क' असा प्रत्यय लागायचा. धातूचा 'क' आणि प्रत्ययाचा 'स्क' यांची टक्कर झाली, त्यात धातूचा 'क' गळाला आणि उरला प्रत्यय. आणि 'मिसळ'मधला 'स'? तो आपल्या घरी तयार झाला. संस्कृत मिश्र, प्राकृत मिस्स, मग मराठी. म्हणजे दोन 'स', दोन वेगळ्या कारखान्यांत, एकमेकांचा पत्ता नसताना बनलेले. शेवटचे 'ल' आणि 'ळ' तर दोन्हीकडे स्वतंत्र प्रत्यय. भाच्याला जे ऐकू आलं त्यातला 'मि' तेवढा दोघांच्या सामाईक पूर्वजाचा.

उच्चाराचाही एक चकवा आहे. चर्चमध्ये लॅटिन इटालियन वळणाने म्हणतात. तिथे हाच शब्द 'मिशेल्लानेआ' होतो, ऐकून वाटतं की हा तर सरळ मिश्रच. पण हा 'श' इटलीत फार उशिरा आला, सीझरच्या काळी तो नव्हता. संस्कृतच्या 'श'शी त्याचं काही देणंघेणं नाही.

सिंधुतीर, लेकी नव्हेत, बहिणी. मिश्रवरून मिसेलेनियस झालं असतं तर 'श'चा परत 'क' कसा झाला ते दाखवावं लागेल. तसं होत नाही. आई दोघींची एकच, आणि तिचं लिहिलेलं काहीही आज हाती नाही.

अवांतर: आम्ही कॅथलिक मराठीत चर्चमधल्या उपासनेला 'मिस्सा' म्हणतो, त्या शब्दावर कुणीतरी उडी मारणारच म्हणून आधीच सांगतो. तो या कुटुंबातला नव्हे. तो 'पाठवणे' या क्रियापदावरून. लॅटिन मिस्सा संपताना फादर म्हणत, 'इते, मिस्सा एस्त', जा, आता निरोप. पण याच उपासनेत एका जागी खरा 'मिस्केरे' होता. फादर पवित्र भाकरीचा एक तुकडा मोडून कटोऱ्यातल्या द्राक्षारसात टाकत आणि हळू आवाजात 'हेक कॉमिक्स्तिओ' असं सुरू होणारं वाक्य म्हणत. कॉमिक्स्तिओ, म्हणजे एकत्र मिसळणं. माझे आजोबा लहानपणी वेदीसेवक होते. त्यांना अर्थ कुणी सांगितला नव्हता, वाक्य मात्र म्हातारपणापर्यंत तोंडपाठ. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली, तिच्या निर्णयाने मिस्सा मराठीत आली आणि त्यांचं ते पाठांतर बिनकामाचं झालं. त्याबद्दल ते चर्चवर थोडे नाराजच होते.

ठोकताळे_नकोत

हे असं दाखवलं की मी गप्प बसतो. एकच शंका. 'श'चा नियम शत, दश, अष्ट या आकड्यांवर चालतो हे ठीक. पण मिश्र आणि मिक्स्तुस या जोडीला बाहेरचा साक्षीदार आहे का? दोघेच एकमेकांचे साक्षीदार, हे कोर्टात चालायचं नाही.

गिरीजकर

आहेत की. ग्रीकमध्ये 'मिग्न्युमि', मिसळणे. फारसीत 'आमेख्तन', तेच. रशियनमध्ये 'मेशात', तेच. आणि सगळ्यांत सुबक साक्षीदार लिथुआनियाचा. त्या भाषेनेही जुन्या मऊ 'क'चा 'श' केला. तिथे मिश्रला म्हणतात 'मिश्रास'. शेवटचा 'स' हा आपल्या विसर्गाचा भाऊ. मिश्रः, मिश्रास. हजारो वर्षं आणि हजारो मैल मधे आहेत, तरी एवढं जवळचं रूप मराठीलाही ठेवता आलेलं नाही.

घराजवळचं उदाहरण हवं तर पंजाबकडची मिस्सी रोटी. गहू आणि बेसन मिसळलेली. ती मात्र मिसळीची सख्खी बहीण, प्राकृत 'मिस्स' जवळजवळ तसाच तिच्या नावात आहे.

शिरस्तेदार

मी दिवाणी कोर्टातून निवृत्त. गिरीजकरांनी 'आकार कळत नाही' म्हटलंय त्याला माझी पुष्टी. कोर्टाच्या नोंदवहीत इंग्रजीत जे 'मिसेलेनियस अ‍ॅप्लिकेशन', ते मराठीत 'किरकोळ अर्ज'. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा बघा, 'दिवाणी किरकोळ अर्ज क्रमांक अमुक'. वारसदाखल्याचे अर्ज त्यातच येतात. तोही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली, कंपनी सरकारच्या काळातला कायदा, अजून चालू. अर्जाखाली बंगला असेल, शेतजमीन असेल, बँकेतल्या ठेवी असतील. सगळं किरकोळ! पक्षकार भांडायला यायचे, "साहेब, आमची एवढी इस्टेट किरकोळ कशी?" मी सांगायचो, बाबा, हा दावा नव्हे, अपील नव्हे, कुठल्याच ठरलेल्या रकान्यात बसत नाही, म्हणून या रकान्यात. त्यांना ते पटायचं नाही, पण तारीख मिळाली की जायचे.

संकीर्णबद्दल बोलायचं तर शासकीय मराठीत तो रूढ आहे आणि चूक मुळीच नाही. फक्त सोसायटीच्या सभेत तो शब्द वाचला की निम्मे लोक कुणाची तरी बदली झाली असं समजतील.

ठेका

संकीर्णची बाजू मी मांडते, त्याला उगाच बदनाम करू नका. सम् अधिक कीर्ण, म्हणजे एकत्र विखुरलेलं, सरमिसळ झालेलं. प्रकीर्ण, विकीर्ण ही त्याची भावंडं. दाटीवाटीने भरलेलं या अर्थावरून हिंदीत तो अरुंद झाला आणि मग कोत्या मनाचा. मराठीत तसं झालं नाही. आमच्या संगीतात संकीर्ण राग म्हणजे अनेक रागांच्या मिश्रणातून झालेला, त्यात कमीपणा काही नाही. आणि कर्नाटक तालपद्धतीत तर गंमत अशी की 'मिश्र' म्हणजे सात मात्रांची जाती आणि 'संकीर्ण' म्हणजे नऊची. दोन्ही शब्दांचा अर्थ सरमिसळच, पण मृदंगवाल्याला विचारा, दोन मात्रांचा फरक तो सोडणार नाही.

फोंड्याची_नात

गोव्याहून. गिरीजकर, पोर्तुगीज विसरलात! लॅटिन 'मिस्केरे'चं पोर्तुगीजमध्ये झालं 'मेशेर', ढवळणे. तिथेही 'श' आला, तुमच्या इटालियनसारखा, आपला आपण. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई अंड्याच्या भुर्जीला 'ओव्हुश मेशिदुश' म्हणायच्या, ढवळलेली अंडी. आणि 'मेस्तीस' हा शब्द गोव्यात जुन्या लोकांच्या तोंडी अजून ऐकू येतो, पोर्तुगीज आणि स्थानिक अशा मिश्र वंशाच्या घराण्यांबद्दल. तो उशिराच्या लॅटिनमधल्या 'मिक्स्तिकिउस'वरून, म्हणजे याच मुळाचा. वसाहतीच्या काळात कोण रैनोल, म्हणजे पोर्तुगालमध्ये जन्मलेला, कोण कास्तीस, म्हणजे इकडे जन्मलेला पोर्तुगीज, कोण मेस्तीस याचे काटेकोर हिशेब ठेवले जात आणि त्यावर मानपान ठरत. शब्द नुसता 'मिसळलेला' एवढंच सांगतो, पण तो कुणाला चिकटवायचा हे ठरवणारे निरागस नव्हते.

हिशेबवाली

बापरे, केवढं मिळालं! सगळ्यांचे आभार. गिरीजकर दादा, भाच्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'नातं आहे' इथपर्यंत ऐकून तो उठून गेला, पुढचं ऐकायला थांबलाच नाही.

आता माझा पेच. 'किरकोळ' नको, 'संकीर्ण' सभेला झेपणार नाही. 'इतर विविध खर्च' कसं वाटतं?

ताळमेळ

मी सीए आहे. 'इतर खर्च' पुरे, 'विविध'ची गरज नाही. पण शीर्षक काहीही घाला, सभासद नावावर चिडत नाहीत, आत काय आहे ते दिसत नाही म्हणून चिडतात. कंपन्यांना २०१३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे असं बंधन आहे की उत्पन्नाच्या एक टक्का किंवा एक लाख रुपये, यांत जे जास्त असेल त्याच्या वरची खर्चाची बाब वेगळी दाखवायची, 'मिसेलेनियस'मध्ये ढकलायची नाही. सोसायटीला हा नियम लागू नाही, पण सवय चांगली आहे. ४१,३०० मधल्या मोठ्या बाबी कुठल्या?

हिशेबवाली

गच्चीवरच्या मधमाश्यांचं पोळं काढणं, गणपतीचा मांडव, कोर्टाचे स्टँप, झेरॉक्स, आणि वॉचमनच्या केबिनचा पंखा. मांडवच १८,००० आहे.

ताळमेळ

मांडव बाहेर काढा. त्याला स्वतःची ओळ द्या. मग उरलेल्याला 'इतर खर्च' म्हटलं तरी कुणी विचारणार नाही.

काउनास_मेस

उशिरा आले धाग्यावर. मी लिथुआनियात काउनासला मेडिकल शिकते आहे, त्यामुळे 'मिश्रास' वाचून उडालेच. आमच्या कँटीनमध्ये रोज 'मिश्राइने' नावाचं सॅलड असतं. उकडलेला बटाटा, गाजर, मटार, खारवलेली काकडी, सगळं चौकोनी कापून मेयोनेझमध्ये बुडवलेलं. मी इतके दिवस समजत होते की कुणा मिश्रांनी इथे हॉटेल काढलं असावं. मंडळी, व्युत्पत्ती मान्य, पण चवीच्या बाबतीत हे नातं दूरचं आहे. आईने पाठवलेली लसणीची शेव वरून घातली की जरा जवळ येतं.